पायाखालची जमीन : मातीला पंधरा दिवस का लागतात?



या महिन्यात सदरासाठी आलेल्या पत्रांत तीन प्रश्न जवळजवळ एकसारखे होते. विचारणारी तिघंही तिशीच्या आसपासची, तिघांनीही इंदूरच्या बाहेरच्या बाजूला प्लॉट घेतलेला आणि तिघांचंही गृहकर्ज नुकतंच मंजूर झालेलं. प्रश्न असा : “माती परीक्षणाचा रिपोर्ट पंधरा दिवसांनी मिळेल म्हणतात. ठेकेदार म्हणतो, कशाला थांबता, दोन दिवसांत आणून देतो. नाहीतर शेजारच्या प्लॉटचाच लावू, माती तर तीच आहे. काय करावं?”

मी माती प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला अंदाजाने कळलंच असेल : थांबा. पण ‘थांबा’ म्हणून विषय संपवला तर तुम्ही ठेकेदारासमोर उभे राहून काय सांगणार? म्हणून आज त्या पंधरा दिवसांत प्रयोगशाळेत नेमकं काय चालतं, तेच सांगते. ते कळलं की दोन दिवसांत आलेला रिपोर्ट कसा ओळखायचा, हे तुमचं तुम्हालाच समजेल.

आधी आपली माती

माळव्याची काळी माती ही बेसॉल्ट खडकाची झीज. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले. माळव्याचं पठार त्याच थरांच्या उत्तरेकडच्या भागात येतं. बडोद्याच्या आसपास आणि बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडेही अशी काळी माती आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनीही हे आपलंच समजावं.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चळती. पावसाळ्यात पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं, म्हणजे माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं आणि माती आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. शेतकऱ्याला या मातीचं कौतुक असतं, कारण ती पाणी धरून ठेवते. घर बांधणाऱ्याला नेमकी त्याच गुणाची काळजी असते.

फुगणारी माती किती जोर लावते याचा एक हिशोब बघा. 10 सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट आणि वर फरशी, असं एक चौरस मीटर घेतलं तर त्याचं वजन साधारण 300 ते 400 किलो भरतं. फुगू पाहणाऱ्या काळ्या मातीला रोखून धरायला एका चौरस मीटरला 10 टन, म्हणजे 100 किलोपास्कल दाब लागणं ही काही नवलाची गोष्ट नाही. काही नमुन्यांत तो याच्या दुपटी-तिपटीने भरतो. मग फरशी उचलली जाणार नाही तर काय होईल? म्हणूनच काळ्या मातीत उंच इमारतीपेक्षा एकमजली घर, कंपाउंडची भिंत आणि अंगणातली फरशी यांचे हाल जास्त होतात. हलक्याला माती सहज उचलते.

मातीचा तुकडा आणि मातीची पोती

“माती तर तीच आहे” हे वाक्य प्रयोगशाळेत टिकत नाही. का, ते दह्यावरून सांगते. वाडग्यात लागलेलं घट्ट दही आणि तेच दही चमच्याने मोडलेलं, यात दूध तेच आणि पाणीही तेवढंच. पण लागलेल्या दह्यात चमचा उभा राहतो आणि मोडलेलं दही वाहतं. फरक आतल्या बांधणीचा. नैसर्गिक चिकणमातीलाही अशी बांधणी असते. ती थर साचताना, भिजताना, वाळताना, वर्षानुवर्षं तयार झालेली असते. फावड्याने उकरून पोत्यात भरलेली माती म्हणजे मोडलेलं दही. तिच्यावरून मातीची जात कळते, पण जमिनीत बसलेली माती ओझ्याखाली कशी वागेल ते कळत नाही.

म्हणून बोअर घेताना पातळ भिंतीची पोलादी नळी मातीत दाबून आतला तुकडा जसाच्या तसा काढतात. नळीची दोन्ही तोंडं मेणाने बंद करतात, म्हणजे आतला ओलावा उडत नाही. वरची बाजू कुठली, खोली किती, तारीख काय, हे नळीवर लिहितात. गाडीतून आणताना ती भुश्यात किंवा गादीवर ठेवतात. याला न हललेला नमुना म्हणतात. जुन्या माणसांनी लोणच्याच्या बरण्या गावाहून आणताना जेवढी काळजी घेतली नसेल, तेवढी या नळ्यांची घ्यावी लागते.

वीस मिलिमीटर माती

आता चाचणी. नळीतून माती अलगद बाहेर काढून एक पोलादी रिंग तिच्यात दाबायची आणि वरखालची बाजू धारदार पात्याने सपाट करायची. रिंगमध्ये उरते 60 मिलिमीटर व्यासाची आणि 20 मिलिमीटर जाडीची मातीची चकती. मोठ्या बर्फीएवढीच म्हणा ना. तिच्या वर आणि खाली सच्छिद्र चकत्या ठेवतात, म्हणजे पाण्याला यायला-जायला वाट राहते. रिंगमुळे माती बाजूला पसरू शकत नाही, तिला फक्त वर किंवा खाली जाता येतं. खऱ्या जमिनीतही चहूबाजूंनी माती असल्यामुळे जवळपास तसंच घडतं.

वर एक डायल लावलेली असते. तिचा एक भाग म्हणजे 0.002 मिलिमीटर, डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसावा हिस्सा. ओझं टाकायला तरफ असते. 1 ला 10 अशी तरफ असेल तर काट्याला 23 किलो वजन टांगल्यावर त्या बर्फीएवढ्या चकतीवर 230 किलोंचा भार येतो, म्हणजे सुमारे 800 किलोपास्कल.

या यंत्राला ईडोमीटर म्हणतात. सूज या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं आहे. डॉक्टर अंगावरच्या सुजेला ‘ईडिमा’ म्हणतात, तोच हा शब्द. फुगणाऱ्या मातीसाठी याहून योग्य नाव सापडलं नसतं.

कार्ल टेर्झाघी यांनी चिकणमातीवरचे प्रयोग पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर इस्तंबूलमध्ये केले. पैसे नव्हते, उपकरणं नव्हती. कॉलेजच्या भंगारातलं सामान आणि सिगारचे डबे जमवून त्यांनी यंत्रं उभी केली, असं सांगतात. 1925 मध्ये त्यांचं मातीच्या यांत्रिकीवरचं जर्मन पुस्तक निघालं आणि या शास्त्राची पायाभरणी झाली. त्यांनी दाखवलेली मुख्य गोष्ट साधी आहे : भिजलेल्या चिकणमातीवर ओझं टाकलं की ते आधी आतलं पाणी पेलतं. पाणी हळूहळू झिरपून बाहेर जातं, तसतसं ओझं मातीच्या कणांवर येतं आणि माती दबत जाते. दबण्याला वेळ लागतो तो म्हणूनच.

आजोबांची दिडकी

भारतीय मानक 2720 च्या 15 व्या भागात ही चाचणी कशी करायची ते दिलेलं आहे. ओझं टाकल्यावर डायल ठरावीक वेळांना वाचायची असते : पाव मिनिट, 1, सव्वादोन, 4, सव्वासहा, 9, सव्वाबारा, 16 मिनिटं आणि असं पुढे, थेट 24 तासांपर्यंत. या वेळा विचित्र वाटतात ना? पण ज्यांच्या आजोबांनी पावकी, दिडकी, अडीचकी पाठ केली असेल त्यांना हे लगेच उमगेल. अर्ध्याचा वर्ग पाव, दीडचा वर्ग सव्वादोन, अडीचचा सव्वासहा, साडेतीनचा सव्वाबारा. चिकणमाती सुरुवातीला वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात दबते. म्हणून वेळा वर्गात घेतल्या की आलेखावर सरळ रेष मिळते. ती रेष जिथे वाकते, त्यावरून पाणी किती वेगाने बाहेर पडतंय ते काढता येतं.

24 तास झाले की ओझं दुप्पट करायचं. 25 किलोपास्कलवरून 50, मग 100, 200, 400, 800. प्रत्येक पायरीला एक दिवस, म्हणजे सहा पायऱ्यांना सहा दिवस. त्याआधी फुगण्याची चाचणी असते : अगदी हलक्या ओझ्याखाली मातीला पाणी पाजायचं आणि डायल वर चढायची थांबेपर्यंत वाट बघायची. काळ्या मातीत त्याला सहज तीन-चार दिवस जातात. मग ओझं वाढवत नेऊन माती मूळ उंचीवर कुठल्या दाबाला परत येते ते बघतात. तोच तिचा फुगण्याचा दाब. सगळी ओझी चढवून झाली की ती पायरीपायरीने उतरवतात आणि माती किती परत वर येते ते मोजतात. त्याला आणखी दोन दिवस. शेवटी चकती भट्टीत 24 तास वाळवून तिचं कोरडं वजन घेतात. बेरीज करा : बारा-तेरा दिवस झाले. त्यात नमुना काढणं, आकडेमोड आणि आलेख धरले की पंधरा. यात कुठेही कोणी आळस केलेला नाही.

“मग एकदम सगळं ओझं टाकून मोकळं व्हावं ना!” असं एका प्रशिक्षणार्थी मुलाने मला विचारलं होतं. तसं केलं तर मातीची आठवण हरवते. हो, मातीला आठवण असते. पूर्वी कधीतरी जेवढं ओझं तिने सोसलेलं असतं, तेवढ्यापर्यंत ती थोडीच दबते. त्यापुढे गेलं की आलेख खाली वळतो आणि ती भराभर दबायला लागते. तो वळण्याचा बिंदू कसा काढायचा याची रीत आर्थर कासाग्रांद यांनी 1936 मध्ये मांडली आणि आजही आम्ही तीच वापरतो. आपल्याकडच्या मातीवर पूर्वी डोंगर नव्हते, पण उन्हाळे होते. माती वाळताना आतून इतकी आवळली जाते की जणू तिच्यावर ओझंच ठेवलं होतं. म्हणजे त्या आलेखाच्या वळणात माळव्याचे कितीतरी उन्हाळे नोंदलेले असतात. ते वळण पायरीपायरीने गेल्याशिवाय दिसत नाही.

बर्फीपासून घरापर्यंत

एवढ्याशा चकतीवरून घराचं काय कळणार, हाही प्रश्न येतो. समजा, घराचं ओझं आल्यावर 20 मिलिमीटरची चकती 0.4 मिलिमीटरने दबली. म्हणजे 2 टक्के. घराखाली तशा मातीचा 2 मीटर थर असेल आणि तेवढंच ओझं सगळ्या थरावर आलं तर तो दबेल 40 मिलिमीटर. सगळं घर सारखं 40 मिलिमीटर खाली गेलं तर कदाचित तुमच्या लक्षातही येणार नाही. पण एका कोपऱ्याखाली 2 मीटर चिकणमाती आणि दुसऱ्या कोपऱ्याखाली मुरूम असेल, तर एक कोपरा खाली जातो, दुसरा जागेवर राहतो आणि मधली भिंत फाटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा बघितलात तर कारण बहुधा हेच.

वेळेचा हिशोब तर आणखी चकित करणारा आहे. पाण्याला बाहेर पडायला जेवढी वाट चालावी लागते, तिच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. 20 मिलिमीटरच्या चकतीतून पाणी वरून आणि खालून निघतं, म्हणजे लांबात लांब वाट 10 मिलिमीटर. जमिनीतल्या 4 मीटर थराला वरखाली वाट मिळाली तर ती 2 मीटर, म्हणजे 200 पट. 200 चा वर्ग 40,000. प्रयोगशाळेत चकतीला 1 तास लागला तर जमिनीत 40,000 तास, म्हणजे साडेचार वर्षं. घरभरणीच्या दिवशी सगळं ठीक आणि तीन वर्षांनी तडे, असं का होतं ते यावरून कळावं.

याच संथपणाने एक जगप्रसिद्ध इमारत वाचवली आहे. पिसाचा मनोरा 1173 मध्ये सुरू झाला आणि तिसऱ्या मजल्यानंतर काम थांबलं, ते थेट 1272 मध्ये परत सुरू झालं. त्या जवळजवळ शंभर वर्षांत खालच्या चिकणमातीतलं पाणी निघून ती घट्ट होत गेली. सलग बांधला असता तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं अभियंते सांगतात. तिथे मातीला वेळ मिळाला तो योगायोगाने. तुम्ही निदान पंधरा दिवस तरी ठरवून द्या.

रिपोर्ट हातात आल्यावर

मागे एक निवृत्त जोडपं आमच्याकडे आलं होतं. आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेलं एकमजली घर. चार पावसाळ्यांत दिवाणखान्याची फरशी मधोमध फुगली आणि दरवाजे चौकटीत अडकायला लागले. त्यांच्या मुलाने जुना रिपोर्ट दाखवला. कागद देखणा होता, शिक्का होता, सहा ओझ्यांचा सुंदर आलेखही होता. फक्त नमुना घेतल्याची तारीख सोमवारची आणि रिपोर्टची त्याच आठवड्यातल्या गुरुवारची. एका ओझ्याला एक दिवस लागतो, मग तीन दिवसांत सहा ओझी कशी झाली? तो आलेख दुसऱ्या कुठल्यातरी मातीचा होता. दुरुस्तीचा खर्च ऐकून काकू काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या फरशीकडे बघत राहिल्या.

म्हणून तुमच्यासाठी पहिली गोष्ट हीच : रिपोर्टावरच्या तारखा मोजा. प्रयोगशाळेत चार यंत्रं एकाच वेळी चालू शकतात, पण कुठलाही एक नमुना त्याच्या ओझ्यांच्या दिवसांपेक्षा लवकर पूर्ण होत नाही. ओझं सतत वाढवत नेऊन ही चाचणी लवकर उरकण्याची एक वेगळी पद्धत आहे, पण तिला खास यंत्र लागतं आणि ती वापरली असेल तर रिपोर्टात तसं लिहिलेलं असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, बोअर तुमच्याच प्लॉटमध्ये घेतलेला आहे ना? पूर्वी तिथे शेत असेल तर बुजवलेली विहीर, जुना नाला, काहीही असू शकतं. मुरूम चार पावलांवर वरखाली होतो. तिसरी गोष्ट, नमुना न हललेला होता की पोत्यातला, हे विचारा. चौथी, डायलच्या वेळेनुसार घेतलेल्या नोंदींचा तक्ता मागा. खरं काम केलेली प्रयोगशाळा तो आनंदाने देते. आणि पाचवी, फुगण्याचा दाब रिपोर्टात आहे का ते बघा. काळ्या मातीत तो नसेल तर रिपोर्ट अर्धाच आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. प्रत्येक घराला ही सगळी चाचणी लागतेच असं नाही. दीड-दोन मीटरवर काळी माती संपून पक्का मुरूम लागला आणि पाया तिथे नेता आला, तर काम बरंच सोपं होतं. पण मुरूम कुठे लागतो हे कळायलाही आपल्याच प्लॉटमध्ये बोअर घ्यावा लागतो. आणि पाया मुरुमावर गेला तरी जोत्याच्या आतली फरशी काळ्या मातीवरच बसणार असेल, तर तिचा वेगळा विचार करावा लागतो.

माती फुगणारी आहे का याचा पहिला अंदाज घ्यायला एक सोपी चाचणीही आहे. कोरडी, बारीक चाळलेली 10 ग्रॅम माती रॉकेलच्या मोजपात्रात आणि तेवढीच शुद्ध पाण्याच्या मोजपात्रात टाकायची आणि 24 तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये तिने 10 मिलिलिटर जागा घेतली आणि पाण्यात 20, तर फुगवटा 100 टक्के. असा आकडा आला की सावध व्हायचं. मात्र ही चाचणी फक्त धोक्याची घंटा आहे. पाया किती खोल आणि किती रुंद घ्यायचा, हे ती सांगत नाही.

वीस वर्षांचं कर्ज काढताना बँकेच्या कागदांच्या पानापानावर आपण सही करतो, व्याजाचा पाव टक्का कमी व्हावा म्हणून चार फेऱ्या मारतो. त्याच घराच्या पायाखालच्या मातीला पंधरा दिवस द्यायला मात्र आपल्याला जड जातं. तुमच्या ठेकेदाराला एवढंच विचारा : “भाऊ, एका ओझ्याला एक दिवस लागतो, मग दोन दिवसांत सहा ओझी कशी होणार?” उत्तर देताना तो जरा अडखळला, तर तुमचे पंधरा दिवस वसूल झाले असं समजा.

पुढच्या वेळी फुगणाऱ्या मातीत घर कसं उभं करतात ते बघू : खाली कंद असलेले पाइल, न फुगणाऱ्या मातीचा थर आणि घराभोवतीचं पाणी. तोवर घरात जुना रिपोर्ट असेल तर कपाटातून काढा, तारखा मोजा आणि काय दिसलं ते मला कळवा.